मी तपासलेला पेपर

आठवीला सेमीच्या तुकडीत जायचं असेल तर आधी शाळेचा उन्हाळी वर्ग करावा लागेल, असं कळलं तेव्हा पप्पांनी ऑफिसच्या खिडकीशी वाकून विचारलं, "ही इंग्लिश मीडियमची आहे, हिला कशाला?" खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता फॉर्म पुढे सरकवला. "सगळ्यांनाच आहे."

सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. माझी आधीची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या इंग्रजी शाळा एकतर लांब होत्या, नाहीतर तिथल्या जागा भरल्या होत्या, आणि ही शाळा आमच्या घरापासून सातपूरकडे जाताना दुसऱ्या सिग्नललाच होती. निकालही चांगला लागायचा. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते.

वर्ग एप्रिलच्या मध्यापासून चार आठवडे, सकाळी साडेसात ते साडेदहा. शेवटच्या शनिवारी पन्नास मार्कांचा पेपर. ज्यांना तीस किंवा त्याहून जास्त मिळतील ते सेमीत, बाकीचे मराठी तुकडीत. सरांनी हे पहिल्याच दिवशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं आणि त्याभोवती चौकोन काढला. पुढचे चार आठवडे फळा रोज पुसला जायचा, तो चौकोन सोडून.

वर्गातली बाकी सगळी मुलं मराठी शाळांमधून आलेली होती. सातपूर-अंबडच्या महापालिकेच्या शाळा, काही सिन्नरकडची, काही त्र्यंबककडची, नातेवाइकांकडे राहून येणारी. सात वर्षं त्यांनी ज्याला अपूर्णांक म्हटलं त्याला आता फ्रॅक्शन म्हणायचं होतं, आणि ते चार आठवड्यांत तोंडात बसवायचं होतं. मला ते शब्द आधीच येत होते. सर मला उभं करून एकेक शब्द वाचायला लावायचे आणि वर्ग माझ्यामागून म्हणायचा. तिसऱ्या दिवसापासून माझं नाव 'इंग्लिश' पडलं. ए इंग्लिश, सरक. ए इंग्लिश, पेन दे. त्यात फार वाईट काही नव्हतं. पण एकदा तुम्ही 'सगळं येणारी' ठरलात की एखादी गोष्ट येत नाही हे सांगण्याची जागा राहत नाही. मला मराठी बोलता यायचं, घरात आम्ही मराठीच बोलतो. वाचताना मात्र मी अडखळायचे. जोडाक्षर आलं की थांबायचे. हे त्या वर्गात कुणाला माहीत नव्हतं आणि होऊ नये याची मी काळजी घेत होते.

माझ्या बाकावर बसणारी मुलगी पेठकडच्या एका गावातली होती. वर्गापुरती सातपूरला मामाकडे राहत होती. तिला गप्प बसणं जमायचं नाही.

"तू बोलत का नाय गं?" तिने पहिल्या आठवड्यात विचारलं.

"बोलते की."

"कधी? मी घरी गेल्यावर?"

मला हसू आलं आणि तिला ते दिसलं. त्यानंतर ती माझ्या वाट्याचंही बोलू लागली. मामाकडची खोली मारुतीच्या देवळामागे पिठाच्या गिरणीवर आहे आणि गिरणी चालू झाली की वही हलते. मामा कंपनीत शिफ्टला जातो. मामी चांगली आहे पण खोली एकच आहे. मामेबहिणीचं आठवीचं जुनं मराठी पुस्तक आहे, त्यातून ती संध्याकाळी सगळं वाचून काढते, कारण सर सकाळी इंग्रजीत शिकवतात ते तिला अर्धंच कळतं. "मराठीत वाचलं का मंग सरांचं उद्याला कळतं," ती म्हणाली. "उलटं हाय, पण चालतंय."

तिच्या एका आत्याचं तिने दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. आम्ही नळाच्या रांगेत उभ्या होतो.

"गावात सातवीपर्यंतच शाळा. आता सेमी मिळालं तं मामाकडं राहायचं. नाय मिळालं तं आत्याकडं."

"आत्याच्या गावात शाळा नाही?"

"हाय ना. दहावीपर्यंत हाय. पण आत्याला जुळी झाली. तिला घरात पोरगी पायजे." तिने बाटली नळाखाली धरली. "शाळेत नाव राहील. मी नाय राहणार."

मी म्हटलं, "इथल्या मराठी तुकडीत बस मग."

"बाबा म्हणतो, साधंच शिकायचं तं मामीवर भार कशाला. सेमी म्हटल्यावर मामीलाबी सांगता येतं."

तिने हे काही वाईट वाटून सांगितलं नव्हतं. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यातल्या तीसकडे माझी नजर गेली की मला तिचेच मार्क आठवायचे, माझे नाही. पहिल्या आठवड्याच्या चाचणीत तिला पन्नासपैकी एकोणीस मिळाले होते. दुसऱ्या आठवड्यात तेवीस.

चाचणीचे पेपर आम्हीच तपासायचो. सरांची ती पद्धतच होती. पेपर लिहून झाला की बाकावरच्या दोघांनी एकमेकांचे पेपर घ्यायचे, लाल पेन काढायचं, सर फळ्यावर उत्तरं लिहीत जातील तसे मार्क द्यायचे. शेवटी बेरीज करून खाली तपासणाऱ्याने सही करायची आणि पेपर परत द्यायचा. मग सर हजेरीच्या क्रमाने नाव घ्यायचे आणि ज्याचा पेपर असेल त्याने उभं राहून मार्क सांगायचे. सर ते पेनाने वहीत लिहायचे. पेपर नंतर घरी न्यायचा, पालकांना दाखवायचा.

दुसऱ्या चाचणीनंतर सरांनी सहज म्हणून दोन पेपर मागवून पाहिले. मागच्या बाकावरच्या दोन मुलांनी एकमेकांना चार-चार मार्क जास्त दिले होते. सर ओरडले नाहीत. त्यांनी दोघांना वर्गाच्या दारात उभं केलं आणि दोघांचे पाच-पाच मार्क वहीत कापले. "सही केली ना खाली? मग सहीची किंमत," एवढंच म्हणाले. ती मुलं साडेदहापर्यंत दारात उभी होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना विचारत होता, काय केलं रे.

जास्त मार्क दिले म्हणून काय होतं ते मी असं पाहिलं. कमी दिले म्हणून कुणाला काही झालेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात आठवीच्या पुस्तकातला नवीन धडा झाला, समांतर रेषांचा. सर म्हणाले, हा तुम्ही मराठीत शिकलेलाच नाही, तेव्हा भाषांतराची भानगड नको, सरळ इंग्रजीतच शिका. दोन आडव्या रेषा, त्यांना छेदून जाणारी एक तिरकी रेष, आणि आठ कोन. कॉरस्पाँडिंग, अल्टरनेट, इंटिरियर. मी तो धडा फक्त इंग्रजीतच ऐकला. माझ्या शेजारची संध्याकाळी घरी जाऊन तो मराठीत वाचत होती.

शनिवारच्या पेपरला सरांनी सुरुवातीलाच सांगितलं, "इंग्रजी शब्द नाही आठवला तर मराठीत लिहा. रिकामं सोडू नका. बरोबर असेल तर मार्क मिळतील." मग तपासणाऱ्यांसाठी म्हणाले, "आणि शंका आली तर हात वर करायचा. मनाने ठरवायचं नाही."

दोन तास पेपर चालला. ती मान खाली घालून लिहीत होती. मी अर्धा तास आधीच संपवून बसले होते आणि तिच्या पेपराकडे बघायचं टाळत होते.

मग अदलाबदल झाली. तिचा पेपर माझ्या पुढ्यात आला. विज्ञान चांगलं होतं. गणितातली उदाहरणं बरोबर होती, एका ठिकाणी एकक नव्हतं, तिथे मी एक मार्क कापला. शेवटून दुसरा प्रश्न समांतर रेषांचा होता. आकृती दिलेली, कोनांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडी कोणत्या प्रकारची ते लिहायचं. तीन मार्क. सरांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. मी तिच्या पेपरात पाहिलं. तिथेही तीन ओळी होत्या, मराठीत. पहिलीत संगत कोन. तिसरीत आंतरकोन. मधला शब्द मला वाचताच आला नाही. व, मग खाली काहीतरी, मग त, क, पुन्हा काहीतरी.

संगत म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. आंतरकोनाचा अंदाज येत होता, पण खात्री नव्हती. हात वर करायचा, एवढंच करायचं होतं. मी हात बाकावरून उचललाही नाही. हात वर केला असता तर सर म्हणाले असते, काय शंका आहे, वाच बरं. आणि मला तो मधला शब्द सगळ्या वर्गासमोर वाचावा लागला असता. जे शब्द मी रोज त्यांना म्हणून दाखवत होते त्यांचं मराठी त्यांना येत होतं आणि मला नाही, हे सगळ्यांना कळलं असतं.

"झालं का? शेवटचा प्रश्न घेतो," सर म्हणाले.

मी समासात शून्य लिहिलं. फुली मारली नाही, नुसतं शून्य. मग शेवटचा प्रश्न तपासला, बेरीज केली, पुन्हा केली. अठ्ठावीस. मी सही केली.

नावं सुरू झाली. माझे सेहेचाळीस होते. मी हळू सांगितले तर सर म्हणाले, मोठ्याने. तिचं नाव माझ्यानंतर बरंच पुढे होतं, आणि तोपर्यंत ती पेपर उलटसुलट करून बघत होती. तिचं नाव आलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "अठ्ठावीस." सरांनी लिहिलं. ती बसली.

सुटल्यावर सायकल स्टँडपाशी ती माझ्याबरोबर चालत होती. तिने पेपर घडी करून कंपासपेटीत घातला होता.

"मराठीचे तीन गेले," ती म्हणाली. "मला वाटलं बरोबर हाय. पण तू शून्य दिलं म्हणजे चुकलंच असंल."

मी म्हटलं, "हो."

"उद्या बाबा येणार हाय. तो म्हणलेला, पास झाली तं सोमवारी शाळेत येतो, नायतर रविवारीच घेऊन जातो." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला काय, सेहेचाळीस. नवीन वर्गात बोलत जा जरा."

मग ती सातपूरच्या दिशेने चालायला लागली.

घरी आई साड्यांना इस्त्री करत होती. मी पाणी प्यायले, बूट जागेवर ठेवले, मग विचारलं, "आई, संगत कोन म्हणजे काय?"

आईने इस्त्री उभी ठेवली. तिला आश्चर्य वाटलं असावं, पण उत्तर द्यायला तिला एक क्षण लागला नाही. तिने लाइटबिलाच्या मागच्या बाजूला दोन आडव्या रेषा काढल्या, एक तिरकी. "हा आणि हा. दोन्ही तिरकीच्या एकाच अंगाला, दोन्ही आपापल्या आडव्या रेषेच्या वर. इंग्लिशमधल्या एफसारखं. हे संगत. आणि हे झेडसारखं, ते व्युत्क्रम."

तो मधला शब्द आईच्या तोंडून ऐकला तेव्हा मला तो पेपरावर दिसला, सगळी अक्षरं जागच्या जागी. पहिल्या, एफसारख्या जोडीसमोर तिने संगत लिहिलं होतं. दुसरी झेडचीच होती. तिन्ही बरोबर होती.

"का गं? पेपरात होतं का?"

"नाही, असंच."

त्या दिवशी मी आणखी काही बोलले नाही. सरांचा नंबर आमच्याकडे नव्हता, वर्गाच्या सगळ्या सूचना फळ्यावरच असायच्या. मी मनात वाक्यं तयार करत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणीतरी विचारत होतं, मग तेव्हा का नाही विचारलंस. जेवताना पप्पा म्हणाले, सेहेचाळीस म्हणजे उत्तमच. मी भात संपवला.

रविवारी सकाळी दहा वाजेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की तिचे बाबा आलेच नसतील. मग मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "आई, मला सातपूरला जायचंय. आत्ता."

मी सांगितलं तेव्हा आई भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "काल दुपारी मला विचारलंस तेव्हाच तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि काल दिवसभर गप्प बसलीस."

 आईने गॅस बंद केला आणि स्कूटीची किल्ली घेतली.

मारुतीचं देऊळ सापडलं, गिरणीही सापडली. रविवार असल्यामुळे गिरणी बंद होती. बाजूच्या लोखंडी जिन्याने वर गेलो. दार उघडं होतं. खोलीत मामा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, रात्रपाळी करून आलेला, डोळ्यांवर पंचा. त्यामुळे सगळे हळू बोलत होते. मामी पोळ्या लाटत होती. दारापाशी एक माणूस खाली बसला होता, पांढरा सदरा, दोन पायांच्या मध्ये रेक्झिनची पिशवी. पिशवीची चेन लावलेली होती. ती त्याच्या शेजारी बसली होती, केस विंचरलेले, जायच्या कपड्यांत.

"कोण ही?" त्याने तिला विचारलं.

"माझ्या बाकावरची."

आई सांगायला लागली, "काय झालं, की काल पेपर तपासताना..."

त्याने हात किंचित वर केला. "ताई, बसा. पोरीला बोलू द्या."

मी उभीच होते. मामी लाटायची थांबली होती. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "हिचं बरोबर होतं. मी शून्य दिलं. तीन मार्कांचा प्रश्न होता. एकतीस होतात."

त्याला ते मनात मांडायला थोडा वेळ लागला. "म्हंजे पास हाय."

"हो."

"मंग शून्य का दिलं?"

मी म्हटलं, "चुकून."

ती माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पंच्याखालून मामाचा आवाज आला. तो जागाच होता. "सरांनी वहीत लिवलं ना अठ्ठावीस? पेनानं लिवलेलं कोण बदलतंय. परत उद्या जायचं, परत तोंड वेंगाडायचं. दाजी, तुम्ही जावा. दीडची जीप भेटंल."

"उद्या राब भाजायचाय," तिचे बाबा म्हणाले, आमच्यापेक्षा स्वतःशीच जास्त. भाताची रोपं टाकायची जागा पावसाआधी पालापाचोळा जाळून भाजून घ्यायची असते, त्याचं ते बोलत होते. "माणसं सांगून ठेवलीत." मग त्यांनी मला विचारलं, "उद्या सरांपुढं हे बोलशील?"

मी मान हलवली.

"मान नको हालवू, बाय. तोंडानं सांग."

"बोलेन."

"नीट बोलशील? आता बोलली तसं खाली बघून नाय."

"बोलेन."

त्यांनी पिशवीची चेन उघडली, आतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायले. मग पिशवी पायांमधून उचलून भिंतीला लावून ठेवली. "उद्या दुपारपर्यंत थांबतो," ते मामीला म्हणाले. "त्याच्या पुढं नाय."

परत येताना सिग्नल लागला. तिथे थांबल्यावर आई मागे न वळता म्हणाली, "चुकून नव्हतं ना?"

"नाही."

"मग उद्या तेही सांगावं लागेल तुला. नुसतं चुकून म्हटलंस तर कुणी ऐकणार नाही."

सोमवारी शिक्षकांच्या खोलीबाहेर पालकांची रांग होती. आत टेबलाशी सर, समोर ती वही, शेजारी फॉर्मचा गठ्ठा. आमचा नंबर येईपर्यंत तासभर गेला. ती आणि तिचे बाबा माझ्या पुढे उभे होते, आई माझ्या मागे. पुढे तिने पेपर हातात धरला होता आणि घामाने त्याची कड ओली झाली होती.

मी सरांना सांगितलं. शनिवारपासून तयार केलेलं एकही वाक्य आलं नाही, पण मुद्दा सांगून झाला. सरांनी पेपर घेतला, चष्मा वर करून तो प्रश्न पाहिला.

"उत्तरं बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण पेपर दोन दिवस घरी होता. ही उत्तरं शनिवारीच लिहिली होती कशावरून?"

"लिहिली होती, सर," ती म्हणाली.

"तुला नाही विचारलं. चुकीच्या उत्तरावर फुली मारतात. मी चार आठवडे बघतोय, ही मुलगी प्रत्येक ठिकाणी फुली मारते." त्यांनी बोट खाली सरकवलं. "इथे मारली आहे. इथेही. इथे फुली नाही, नुसतं शून्य. कोऱ्या जागेला शून्य देतात तसं. हे कोरं होतं. घरी जाऊन पुस्तकात बघून भरलं. आणि मैत्रीण आली साक्ष द्यायला." त्यांनी पेपर टेबलावर ठेवला. "दर वर्षी येतात असे. खोटं निघालं तर दोघींची नावं काढीन मी यादीतून. सही कुणाची आहे ही?"

"माझी."

"मग फुली का नाही मारली?"

"खात्री नव्हती."

"खात्री नव्हती तर हात वर करायला सांगितलं होतं."

मागे रांगेतलं बोलणं थांबलं होतं. तिचे बाबा माझ्याकडे बघत होते. मी टेबलावरच्या पेपराकडे बघत होते, मग त्यांनी काल काय सांगितलं ते आठवून मी वर बघितलं.

"मला वाचता आलं नाही."

"काय वाचता आलं नाही?"

"मधला शब्द. आणि संगत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून शून्य दिलं."

 सरांनी मागे वळून कपाटावरून आठवीचं मराठी गणिताचं पुस्तक काढलं, पानं उलटून तो धडा काढला आणि माझ्यापुढे धरला. "वाच. इथून. मोठ्याने."

मी वाचायला लागले. दोन समांतर रेषांना एका, मग छ, छेदिकेने, छेदले असता. पहिली ओळ पार पडली. दुसऱ्या ओळीत एक मोठा शब्द आला, मी दोनदा थांबले. मागे कुणीतरी हलकं हसलं. कुणाच्या तरी आईने मला ऐकू जाईल इतक्या आवाजात तो शब्द सांगितला, मदत म्हणून. मी तो म्हटला आणि पुढे गेले. तिसऱ्या ओळीत व्युत्क्रम होता. तो आता मला माहीत होता, आईच्या तोंडून ऐकलेला. तो मी बरोबर वाचला. आणि वाचताक्षणीच माझ्या लक्षात आलं, हाच शब्द बरोबर यायला नको होता.

सर म्हणाले, "हा आला की."

"शनिवारी आईने सांगितला. घरी गेल्यावर."

सरांनी माझ्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तिने मला दुपारी विचारलं. मी लाइटबिलावर काढून दाखवलं. तेव्हा मला काही बोलली नाही, रविवारी सांगितलं."

"पुढे वाच," सर मला म्हणाले.

मी पुढचा परिच्छेद वाचला. तो मला कुणी सांगितलेला नव्हता. चार ओळींना किती वेळ लागला कुणास ठाऊक. पुस्तकाची अक्षरं तेवढी दिसत होती. एका शब्दाशी मी इतकी अडकले की तो सोडून पुढे जाऊ का असं विचारायला वर पाहिलं. सरांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"बास," ते म्हणाले.

त्यांनी वही जवळ ओढली. बोटाने तिचं नाव शोधलं, अठ्ठावीसवर एक आडवी रेघ मारली, शेजारी एकतीस लिहिलं आणि त्याखाली छोटी सही केली. मग पेन माझ्याकडे केलं. "इथे. तूही." मी सही केली. माझी सही तेव्हा म्हणजे नुसतं नाव होतं, इंग्रजीत.

"आणि तू," सर म्हणाले, "इतिहास, भूगोल, संस्कृत, सगळं मराठीत आहे इथे. कशी लिहिणार आहेस?"

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "शिकेल."

"जूनच्या आत शिकली तर बरं," सर म्हणाले आणि तिच्या बाबांकडे फॉर्म सरकवला. "इथे सही करा. दाखला आणलाय?"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला दाखला काढला. म्हणजे तो त्यांनी गावाहून निघतानाच बरोबर घेतला होता. त्यांनी सही सावकाश केली. सरांना नमस्कार केला, आईला केला. मला काही म्हणाले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फाटकापाशी मोबाइलवर गावाकडे फोन लावला, उद्या सकाळी भाजू म्हणून सांगायला.

आई स्कूटी काढायला गेली. आम्ही दोघी जिन्याच्या खालच्या पायरीपाशी थांबलो. तिने पेपर पुन्हा घडी केला. मला वाटलं ती काहीतरी गमतीचं बोलेल, माझ्या वाचण्यावर. वर्गातली बाकीची जूनमध्ये बोलणारच होती, तसं झालंही.

"तुला खरंच वाचता येत नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग मला विचारायचं ना. हात कशाला वर करायला पायजे होता." तिचा आवाज चढला नव्हता. "मी शेजारीच बसले होते."

फाटकाकडून तिच्या बाबांनी हाक मारली. ती गेली.